भाऊजींची घासगाडी

अच्युत ठोंबरे हे माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, नलूताईचे यजमान. वय शहात्तर. भोपाळच्या इंद्रपुरीत पन्नासहून अधिक वर्षं काढलेला हा नागपूरचा माणूस अजूनही रस्त्यावरून कुणाची स्कूटर खडखडत गेली की बोलणं अर्धवट सोडून तिकडे कान लावतो. कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण बिघडलेलं यंत्र दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते नातवाचा फोटो पाहूनही येत नाही. मला हा माणूस फार आवडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

मी मृणाल. अशोका गार्डनला एकटी राहते. पोरांना गणित शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे आवाज मोठा आणि माझं चुकत नाही अशी खात्री त्याहून मोठी. दोन्हींचा संबंध पुढे येईलच.

भाऊजींची गोष्ट म्हणजे त्यांच्या घासगाडीची गोष्ट. अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात परदेशी इंजिनिअर यायचे, त्यांच्या गेस्ट हाऊसच्या हिरवळीसाठी बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आलं. लाल रंगाचं, पुढे इंजिन, मागे दोन मोठी चाकं, मध्ये सीट आणि पोटाखाली पाती. त्याची देखभाल भाऊजींकडे आली. वसाहतीतली पोरं त्याच्यामागे ‘घासगाडी, घासगाडी’ ओरडत पळायची. घास हा शब्द हिंदी, मराठीत ‘गवतगाडी’ म्हणा, असं मी अनेकदा बजावलं. नलूताईसुद्धा मला हसून घासगाडीच म्हणायची, तेव्हा मी नाद सोडला.

भाऊजी निवृत्त झाले त्याच वर्षी कारखान्यानं ती गाडीही मोडीत काढली. इंद्रपुरीच्या मैदान समितीनं ती मागून आणली. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड बांधली आणि गाडीबरोबर भाऊजीही आले, कारण त्यांच्याशिवाय ती कुणाकडून सुरूच होत नव्हती. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार सकाळी सात वाजता ते गवत कापणार, हे इंद्रपुरीत सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. नलूताई नऊ वाजता डब्यातून पोहे घेऊन जायची. मीही पुष्कळदा तिच्याबरोबर असायची. आम्ही दोघी सिमेंटच्या बाकावर बसून त्यांना मैदानभर फिरताना पाहायचो. कापलेल्या गवताचा तो वास, मागे सुटलेले सरळ हिरवे पट्टे, आणि प्रत्येक फेरीला आमच्यासमोर आल्यावर भाऊजींचं उगाचच टोपीला हात लावणं. नलूताई म्हणायची, “बघ, कलेक्टर चालले दौऱ्यावर.” 

नलूताईला जाऊन तीन वर्षं झाली. समीर, त्यांचा मुलगा, पुण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. वडिलांना घेऊन जायचं म्हणून तो मागे लागला. गुणी मुलगा आहे, त्याची काही चूक नाही. भाऊजींनी त्याला टाळता टाळता एक दिवस फोनवर शब्द देऊन टाकला, “ही गाडी चालून राहिली तोवर मी इथे. ती थांबली की येतो तुझ्याकडे, मग कुरकुर करणार नाही.” भाऊजी शब्द फिरवणारे नाहीत. त्या दिवसापासून मी त्या लाल डब्याच्या प्रकृतीची चौकशी माणसासारखी करू लागले. भाऊजी गेले असते तर नलूताईबद्दल बोलायला मला भोपाळात कोण उरलं असतं?

यंदा नवरात्राच्या तोंडावर भाऊजींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं सांगितलं. नेमकी त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं, यंत्रं पुजतात. विळीपासून शिवणयंत्रापर्यंत काही सुटत नाही. नलूताई दरवर्षी घासगाडीची पूजा करायची, ती गेल्यावर भाऊजी निदान झेंडूचं फूल वाहायचे. यंदा गाडी तशीच राहणार म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

“मी जाते ना,” मी म्हटलं. “तेवढं मला जमतं.”

शेडची किल्ली घेतली, ताट घेतलं आणि गेले. आमची आई नागपूरला लोखंडाच्या वस्तूंना तिळाच्या तेलात कुंकू कालवून लावायची, तसं वाटीभर कालवून नेलं होतं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला हार घातला. मग आठवलं की नलूताई दर खंडेनवमीला सीट उचलून आत काहीतरी करायची. मी लांब बाकावरून पाहिलेलं होतं. मीही सीट उचलली. आत अवजारांचा छोटा कप्पा आणि त्याच्या बाजूला खोल एक लोखंडी चाक दिसलं, कोरडं, करड्या रंगाचं. मला त्याची कीव आली. वाटीत उरलेलं सगळं तेल-कुंकू मी मनोभावे त्या चाकावर सोडलं, नमस्कार केला आणि परत येऊन भाऊजींना सांगितलं की पूजा साग्रसंगीत झाली.

दिवाळी आटोपली. महिना संपला तेव्हा मैदानावर गुडघाभर गवत माजलं होतं आणि पुढच्या रविवारी खो-खोचे सामने ठरले होते. सोमवारी भाऊजींनी गाडी काढली. मी बाकावर होते, पोहे घेऊन. पहिल्या दोन-तीन फेऱ्या झोकात झाल्या. मग गाडी मैदानाच्या चढावर आली आणि इंजिन गर्जत असताना चाकं जागच्या जागी थांबली. सीटखालून आधी किंकाळी आली, मग निळसर धूर. भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि उतरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“बेल्ट घसरून राहिला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि उत्साहच जास्त होता.

भाऊजींचा एक नियम आहे. बिघाड शोधताना आधी डोळा, मग कान, मग हात आणि शेवटी पाना. कारखान्यात नव्या पोरांना ते हेच शिकवायचे. “जो आधी पाना उचलतो तो दोन बिघाड करतो, एक जुना आणि एक स्वतःचा.” त्या नियमाप्रमाणे त्यांनी गाडी विटांवर चढवली, खाली गोणपाट टाकलं आणि शहात्तराव्या वर्षी पाठीवर झोपून आत सरकले. डॉक्टरांच्या सूचनेची मी आठवण करून दिली. गाडीखालून फक्त “हं” आलं.

मलाही त्यांनी सगळं समजावलं, कारण समजावल्याशिवाय त्यांना काम सुचत नाही. इंजिन पुढे, जोर हवा मागच्या चाकांना, आणि मध्ये हा एकच बेल्ट तो जोर वाहून नेतो. पुढच्या पुलीवरून, म्हणजे खाचेच्या चाकावरून, मागच्या पुलीवर. पायाखालचा दांडा दाबला की बेल्ट सैल, सोडला की स्प्रिंग त्याला ताणून धरते. घसरतो म्हणजे एकतर बेल्ट झिजला, नाहीतर स्प्रिंग थकली, नाहीतर मधलं बेअरिंग जाम झालं, नाहीतर मागचा ब्रेक धरून बसला.

“आणि तेल लागलं तर?” मी विचारलं. गणिताची बाई आहे, सगळ्या शक्यता मोजते.

“इंजिनापाशी लागू शकतं. तिथे बघितलं, कोरडं आहे. मागे तेल येईल कुठून? तिथे तेलाला वाटच नाही.”

मी मान डोलावली. देवाशप्पथ सांगते, माझ्या डोक्यात काडीचाही प्रकाश पडला नाही. माझ्या लेखी मी पूजा केली होती, तेल घातलं नव्हतं.

बेल्ट काढला तर आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. भाऊजी म्हणाले, सापडलं. शेडमध्ये जपून ठेवलेला जुना बेल्ट मंगळवारी चढवला. दहा मिनिटं छान चालला, मग पुन्हा किंकाळी आणि धूर. बुधवारी स्प्रिंग बदलली, मधल्या पुलीचं बेअरिंग हातानं फिरवून कानाशी धरून ऐकलं, ब्रेक सैल केला. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा धूर. गुरुवारी आम्ही रिक्षानं टी. टी. नगरला गेलो. भाऊजींनी मापाची सुतळी खिशातून काढून दुकानदाराला दिली आणि तिच्याबरहुकूम नवा कोरा बेल्ट आणला. येताना ते रिक्षात फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “दहा मिनिटंच का चालते मृणाल? बिघाड आहे तर पहिल्या मिनिटाला का नाही?”

त्या संध्याकाळी कौस्तुभ आला. तो मैदान समितीचा सेक्रेटरी, कारखान्यात इंजिनिअर, आणि एके काळी माझा विद्यार्थी. अपूर्णांकात कच्चा होता.

“काका, बुरा मत मानना,” तो म्हणाला, “पण संडेला मॅच आहे. ठेकेदाराची चार माणसं हातमशीन घेऊन येतात, दो घंटे में मैदान साफ. शनिवार सकाळपर्यंत गाडी ठीक झाली तर उत्तम, नाहीतर मग… शेडची जागा पण आपल्याला पाहिजेच आहे.”

भाऊजी म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” मला त्यांचा इतका राग आला! भांडा की जरा, असं ओरडावंसं वाटलं. त्या माणसानं आयुष्यात यंत्रांशी एवढी हुज्जत घातली, पण माणसांपुढे लगेच मान तुकवतो. भाऊजींच्या घरी पोचलो तोच समीरचा फोन आला. भाऊजींनी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. पलीकडून तो हळूच म्हणाला, “बाबा, मग सोमवारचं तिकीट बघू का?” भाऊजींनी “शनिवारी सांगतो” म्हणून फोन ठेवला आणि नलूताईच्या फोटोखालची उदबत्तीची राख बोटानं पुसत बसले.

शुक्रवारी नवा बेल्ट चढला. मी पोहे नेले होते आणि मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं होतं. पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा. धूर. या वेळी वारा माझ्या दिशेनं होता, बाकावर सगळा धूर माझ्या अंगावर आला. मला रडू येत होतं, आणि रडू यायला लागलं की मी टोमणे मारते, ही माझी जुनी खोड.

“भाऊजी, तुमची गाडी गवत कापत नाहीये, फोडणी करतेय. करपलेली!”

इंजिन बंद करून बाकावर येऊन बसलेले भाऊजी डब्यातला पोह्यांचा घास तोंडाशी नेता नेता थांबले.

“फोडणी? रबराचा वास आहे तो.”

“रबर आहेच. पण त्याच्यात तेलही जळतंय. साठ वर्षं चुलीपुढे काढली मी, मला शिकवू नका.”

“कसलं तेल?”

“तिळाचं,” मी ठणकावून सांगितलं.

भाऊजींनी डबा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “मृणाल, तू घरी जा.”

“म्हणजे?”

“जा तू. मी बघतो.”

असं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. डबा तिथेच टाकून मी तरातरा निघाले. रात्री जेवले नाही. या माणसासाठी मी आठवडाभर पोहे वाहतेय आणि हा मला जा म्हणतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. पुण्याला जायचं तर जा म्हणावं.

शनिवारी सकाळी जायचं नाही असं ठरवलं होतं. सात वाजता रिक्षात बसले.

मैदानापाशी पोचले तर लांबूनच आवाज आला. घासगाडी चालत होती. दहा मिनिटं कधीच उलटून गेली असावीत, कारण अर्धं मैदान पट्ट्यापट्ट्यांनी हिरवं झालं होतं. गाडी चढावर आली, मी श्वास रोखला, ती गुरगुरत वर चढली. धूर नाही, किंकाळी नाही. माझ्यासमोरून जाताना भाऊजींनी टोपीला हात लावला. मी पदर डोळ्यांना लावला, दुसरं काय करणार!

नऊच्या सुमाराला सगळं मैदान झालं. कौस्तुभ आणि समितीची आणखी दोन माणसं आली होती. टाळ्या झाल्या. मग कौस्तुभनं विचारलं, “काका, शेवटी प्रॉब्लेम काय निघाला?”

“मागच्या पुलीच्या खाचेत तेल होतं. महिनाभरात चिकट होऊन खोल बसलं, वरून दिसत नव्हतं. थंड असताना बेल्टला धरायचं, दहा मिनिटांनी तापलं की पातळ व्हायचं, मग बेल्ट सुटायचा. जो बेल्ट चढवला तो तेलानं खराब झाला. पेट्रोलनं धुतलं, साबणानं धुतलं, राखेनं घासलं. हा दुसरा नवा बेल्ट. काल संध्याकाळी जाऊन आणला.”

“पण मागे तेल कसं आलं?”

“माझ्याच हातून सांडलं असेल,” भाऊजी म्हणाले.

ते दोघे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. कौस्तुभचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतो तसा. “काका, होता है. उमर का तकाजा है. आजचं काम तर सुपर झालं. पण यापुढे… ऑपरेशन झालंय, नजर आहे, चालत्या मशीनपाशी काही झालं तर समीरला काय सांगणार आम्ही?”

गाडी दुरुस्त झाली आणि भाऊजी मोडीत निघाले, हे मला समोर दिसत होतं. ते हातातलं फडकं तेवढं घडी करून खिशात कोंबत होते. त्या फडक्याची कड मला दिसली. ती लाल होती. गंजासारखी नाही. कुंकवासारखी.

 वाटी, तीळतेल, सीट, ते करडं चाक, सगळं एका क्षणात समोर आलं. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या, आणि आता त्याच पोरांपैकी एकासमोर उभं राहून स्वतःच्या वहीवर फुली मारायची होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की गप्प बसावं.

“कौस्तुभ,” मी म्हटलं, “तेल मी घातलं.”

“मॅडम?”

“खंडेनवमीला. पूजा म्हणून. वाटीभर. हे तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून घरी बसले होते. यांच्या हातून पन्नास वर्षांत थेंब सांडलेला नाही. चूक माझी आहे, वय झालं असेल तर माझं झालंय. आणि ज्यानं एका डोळ्यानं, नुसत्या वासावरून ही गोष्ट शोधून काढली त्याला तू नजरेचं सांगतोस?”

माझा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला असणार. कौस्तुभनं दोन्ही हात जोडले. “मॅडम, बस. काका, मंगळवारी नेहमीसारखे या. किल्ली तुमच्याकडेच.” मग तो खो-खोचे खांब रोवायला पळाला.

आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हटलं, “काल मी वास ओळखला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. मला सांगितलं का नाहीत? ओरडला असता तरी चाललं असतं.”

“ओरडून झालंय एकदा,” भाऊजी म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते नलूताईनं मला आयुष्यभर सांगितलं नव्हतं. गाडी आली त्या पहिल्या खंडेनवमीला तिनंही हेच केलं होतं. आईनं शिकवलेलं तेल-कुंकू, तेच चाक. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर गाडी धुरात उभी राहिली आणि भाऊजी भर गेस्ट हाऊसमध्ये, माळ्यांसमोर, परदेशी माणसांसमोर नलूताईवर ओरडले.

“काय काय बोललो मी तिला. ती घरी आली, पोळ्या केल्या. त्यानंतर या गाडीला तिनं तेल-कुंकू कधी लावलं नाही, नुसती हळद आणि फूल. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं मला. रोज वाटायचं उद्या म्हणू. पस्तीस वर्षं गेली.” त्यांनी टोपी काढली. “काल तुझ्यावर ओरडायला तोंड उघडलं नाही माझं. म्हणून तुला घरी धाडलं.”

 मला आठवलं आणि मी म्हटलं, “पण भाऊजी, ती दरवर्षी सीट उचलायची. मी इथूनच पाहिलंय. ते पाहूनच तर मी उचलली. तेल लावत नव्हती तर आत काय करत होती?”

 भाऊजींनी खिशातून ते फडकं काढून मांडीवर उलगडलं. जुन्या सुती पातळाचा चौकोनी तुकडा, कडा हातानं शिवलेल्या.

“दर दसऱ्याला कप्प्यात असं एक नवं, धुतलेलं फडकं असायचं,” ते हळूहळू बोलले. “मला वाटायचं, हात पुसायला ठेवते. हे शेवटचं. तीन वर्षं हेच आहे.” त्यांनी लाल कडेवरून बोट फिरवलं. “सगळे म्हणायचे, अच्युतचा बेल्ट सात-सात वर्षं टिकतो. अच्युतचा हात आहे. ती येऊन पुली पुसून जायची, मृणाल. दरवर्षी. मला न सांगता.”

आणि भाऊजी रडले. त्यांना रडताना मी नलूताई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डोळ्याला पाणी लावायचं नाही, एवढं सांगण्याचंही भान मला राहिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, फोन काढला आणि समीरला लावला. “तिकीट काढू नको रे,” ते म्हणाले. “गाडी चालून राहिली.”

नलूताईची दोन पातळं माझ्या कपाटात होती, आठवण म्हणून घडीवर घडी तशीच. सोमवारी दुपारी त्यातलं निळं मी बाहेर काढलं.  चौकोनी तुकडा कापला आणि कडा शिवत बसले.

मंगळवारी सकाळी सातला मी शेडमध्ये हजर. भाऊजींनी काही न विचारता सीट वर केली आणि बाजूला झाले. मी वाकून ती पुली सगळीकडून कोरडी पुसली, फडक्याची घडी केली आणि कप्प्यात ठेवली.

“नीट पुसलीस ना?” भाऊजींनी विचारलं.

“तुम्ही तपासा.”

“नको,” ते म्हणाले. त्यांनी सीट खाली केली, टोपी घातली आणि वर चढून बसले. “सरक बाजूला. गवत वाढलंय.”